वाढत्या मापाचे बूट

उल्हासराव पाटणकरांनी आयुष्यात कधी आपल्या मापाचा बूट घेतला नाही. पायाला जो नंबर बसतो त्याहून एक नंबर मोठा, हा नियम. लहानपणी साताऱ्यात त्यांचे वडील 'वाढत्या मापाचे' बूट आणायचे, पुढे कापूस कोंबायचा आणि पाय मोठा होईपर्यंत ओढायचे. तेव्हा ते ठीक होतं, पाय वाढत होता. पण हा गृहस्थ अडुसष्टाव्या वर्षीही वाढत्या मापाचेच बूट घेतो, याला काय म्हणावं? त्यांची बायको सुप्रभा म्हणायची, "अहो, आता काय वाढायचं राहिलंय तुमचं, पोट सोडून?" सुप्रभाताई गेल्या त्याला चार वर्षं झाली. बूट अजून मोठेच.

लंडनच्या हीथ्रो विमानतळावर, कार्गोमध्ये त्यांची उभी हयात गेली. आता विमानतळाजवळच्या हाउन्सलोतल्या घरात मुलगा कुशल, पुण्याहून आलेली सून शाल्मली आणि सात वर्षांची नात ईरा. कुशल नोकरीसाठी आठवडाभर कार्डिफला. शाल्मली घरूनच काम करते, पण सकाळी आठला जी मीटिंगमध्ये जाते ती जेवायच्या वेळेलाच डोकं वर काढते. म्हणून ईराला शाळेत सोडायचं आणि आणायचं काम आजोबांचं. शाळा तशी चालत जाण्याजोगी होती. पण नातीला उशिरा उठायची सवय आणि आजोबांना गाडीची हौस, त्यामुळे दोघांची स्वारी करड्या टोयोटातून निघायची. शाळेच्या गेटवर सगळे त्यांना 'ईराज ग्रँडड' म्हणून ओळखत. सुप्रभाताई गेल्यावर या माणसाला अंथरुणातून उठायला काही कारण उरलं असेल, तर ते हेच.

आणि नेमकं तेच जायची वेळ आली होती. अजून कुणाला माहीत नव्हतं, एवढंच.

उल्हासरावांना डायबिटीस जुना. गेल्या हिवाळ्यात तळपायाखाली गादी घातल्यासारखं वाटायला लागलं, आणि मग उजव्या पायाच्या बोटांना काहीच वाटेनासं झालं. गार नाही, गरम नाही, काही नाही. डॉक्टरांच्या दवाखान्यातल्या नर्सने पाय तपासायला बोलावलं, तर हे गेलेच नाहीत. तिथून घरी कळायला किती वेळ लागतो? वसंतात शेजाऱ्याच्या गाडीचा आरसा घासला गेला, तेव्हा कुशल त्याच्या मोडक्या मराठीत म्हणाला होता, "बाबा, आता अजून एकदा काय झालं ना, तर किल्ली मला द्यायचा." तेव्हापासून उल्हासराव घरात मोजे काढेनासे झाले. परवा गणपतीच्या आरतीलासुद्धा मोजे. शाल्मली नमस्काराला वाकली तर हे "असू दे, असू दे" करत दोन पावलं मागे. सुनेला वाटलं, सासरे संकोचतात. कसला संकोच आणि कसलं काय.

शाळा सुरू व्हायच्या आदल्या रविवारी कुशल कार्डिफलाच होता आणि शाल्मली कामात अडकली, म्हणून ईराला घेऊन शाळेचे बूट आणायला आजोबांनी जायचं ठरलं. ती जिन्याच्या शेवटच्या पायरीवर ईराला पुढ्यात घेऊन वेण्या घालत होती. समोर दारापाशी घरातल्या सगळ्यांच्या चपलाबुटांचा नेहमीचा ढीग.

"बाबा, बूट नीट बसणारे आणा हं," ती म्हणाली. "मागच्या वर्षी तुम्ही मोठे आणलेत आणि पोरीच्या टाचांना फोड आले."

"आणतो गं, मापाचेच आणतो."

"आणि ईरा, तुझी दुसरी लाल क्लिप कुठंय? आत्ता इथे होती."

क्लिप काही सापडेना. पायरीवर नाही, गालिच्यावर नाही. उल्हासरावांनी बूट चढवले आणि त्या बुटांनिशी ओणवे होऊन तेही शोधायला लागले. "पाय फुटले की काय तिला?" असं पुटपुटत ते उठले. शेवटी ईरा एकाच क्लिपवर निघाली.

वाटेत झेब्रा क्रॉसिंगवर एक बाई बाळाची पुशचेअर ढकलत उतरली. उल्हासरावांना ती दिसली होती, वेळेवर दिसली होती. पण अलीकडे त्यांचा पाय ब्रेकवर आहे की ॲक्सिलरेटरवर, हे पायाला कळत नसे, डोळ्यांनी बघावं लागे. त्यांनी खाली बघितलं, मग ब्रेक दाबला. गाडी थांबली तेव्हा पुशचेअर बोनेटपासून हातभर अंतरावर होती. बाईने काचेतून त्यांच्याकडे नुसतं बघितलं आणि निघून गेली. उल्हासरावांच्या मानेवरून घाम ओघळला.

"आजोबा," मागून ईरा म्हणाली, "तू खाली बघत होता."

"काही नाही गं, चष्मा घसरला होता," ते म्हणाले.  त्यांना स्वतःची लाज वाटली, आणि त्याहून जास्त भीती वाटली.

दुकानात ही झुंबड. अख्ख्या हाउन्सलोला बुटांची आठवण त्याच दिवशी झाली होती. रांगेच्या नंबराचा कागद घेऊन आजोबा-नात ताटकळत उभे राहिले. त्यांची पाळी आली तेव्हा गळ्यात टेप अडकवलेल्या बाईने ईराचा पाय मोजपट्टीवर ठेवला, लांबी बघितली, रुंदी बघितली आणि म्हणाली की पाय रुंद आहे, तिला साधा वेल्क्रोचा बूट चांगला बसेल. पण ईराची नजर कधीच दुसरीकडे गेली होती. काळे, चकचकीत, वर इवलासा बो. तिच्या मापात संपले होते. अर्धा नंबर लहान तेवढे उरले होते.

"मला ट्राय तर करू दे," ईरा म्हणाली.

तिने पाय आत कोंबले, उभी राहिली, दुकानभर चालून आली. "परफेक्ट आहे. अजिबात टाइट नाही."

उल्हासरावांनी आयुष्यभर बूट चुकीचे घेतले असतील, पण सुप्रभाकडून एक गोष्ट ते शिकले होते. कुशलला बूट घेताना ती कधी पायाकडे बघायची नाही, पोराच्या तोंडाकडे बघायची. त्यांनी ईराच्या तोंडाकडे बघितलं. ओठ घट्ट मिटलेले, आणि चालणं टाचांवर.

"टोचतंय ना?"

"नाही."

"ईरा. पायाला जे वाटतं ते खरं सांगायचं. पाय तुझा आहे, दुसऱ्या कुणाला कसं कळणार?"

"खरंच सांगते. माझी पाय दुखत नाही."

आजूबाजूला गर्दी, मोजपट्टीवाली बाई घड्याळाकडे बघतेय, आणि ही कार्टी हटायला तयार नाही. उल्हासरावांचा पारा चढला. रागाच्या भरात माणूस जपलेलं विसरतो. ते बाकावर बसले, वाकून उजव्या बुटाची नाडी सोडली, बूट ओढून काढला आणि तिच्यापुढे धरला.

"हे बघ. बूट कसा हवा? हात घाल आत. बोटांच्या पुढे जागा लागते की नाही? घाल हात."

ईराने हात घातला. चाचपडली. मग तिने हात बाहेर काढला तेव्हा तिच्या बोटांत लाल क्लिप होती. उघडी, टोकाशी वाकलेली.

दोघांनी एकदमच खाली बघितलं. करड्या मोज्याचा अंगठ्याखालचा भाग गडद ओला झाला होता.

घरापासून गाडीपर्यंत, गाडीतून त्या क्रॉसिंगवर, पार्किंगपासून दुकानापर्यंत आणि रांगेत उभं असतानाचा सगळा वेळ ती क्लिप तळव्यात रुतत होती. आणि या माणसाला पत्ता नव्हता. एक नंबर मोठा बूट, त्यात अख्खी क्लिप मावली.

"आजोबा," ईराचा आवाज बारीक झाला. "दुखत नाही?"

"नाही गं."

"खरं सांग."

"खरंच नाही दुखत," ते म्हणाले, आणि ते अगदी खरं होतं.  दुखलं असतं तर किती बरं झालं असतं.

दुकानातली बाई धावत फर्स्ट एडचा डबा घेऊन आली. तिने मोजा उतरवला, जखम पुसली, पट्टी बांधली, आणि आजच कुणाला तरी दाखवा म्हणून दोनदा बजावलं. ईरा ते चकचकीत बूट घालून शेजारी बसली होती. बाई डबा ठेवायला गेली तशी ती आजोबांच्या कानाशी आली.

"मी मम्मीला नाही सांगणार. क्लिपचं नाही, आणि गाडीत तू खाली बघत होता ते पण नाही." ती जरा थांबली. "माझे शूज थोडेसे टोचतात. ते तू मम्मीला सांगू नको. ओके?"

काय सौदा होता बघा. सात वर्षांच्या पोरीने तो मांडला, आणि अडुसष्ट वर्षांच्या माणसाला तो आवडला. खोटं कशाला बोला, उल्हासरावांना क्षणभर सुटल्यासारखं झालं. पट्टीवर नवा मोजा चढवायचा, घरी जायचं, उद्या गेटवर उभं राहायचं. कुणाला काय कळणार?

मग त्यांनी तिचे पाय बघितले. अर्धा नंबर लहान बुटांत बोटं आवळून ती त्यांच्यासाठी हसत होती.

"काढ ते," ते म्हणाले.

साधे वेल्क्रोचे घेतले. बाईने अंगठ्याने पुढे दाबून बघितलं, टाच धरून बघितली. सवयीने उल्हासरावांच्या तोंडावर आलंच होतं की एक नंबर मोठा द्या. ते त्यांनी गिळलं. ईरा फुगली आणि कार पार्कपर्यंत त्यांच्या पुढे पुढे चालत गेली.

तिला मागे बसवून, पट्टा लावून ते स्टिअरिंगमागे बसले. किल्ली लावली. मग सवयीने खाली बघितलं, पाय कुठे आहे ते. पाय ब्रेकवर होता. त्यांना तो दिसत होता आणि तो आपला आहे असं वाटत नव्हतं. त्यांनी आरशात बघितलं. मागे ईरा त्यांच्याकडेच बघत होती, आणि तिने दोन्ही हातांनी सीट घट्ट धरली होती.

पोरगी आपल्या गाडीत बसायला घाबरते. हे त्यांना तेव्हा कळलं, आणि त्यांनी किल्ली काढली.

"शाल्मली," त्यांनी फोनवर सांगितलं, "तू बस पकडून इकडे ये. नाही, ईरा ठीक आहे. गाडी तुला न्यावी लागेल. मला चालवता येत नाही आता."

शाल्मली आली ती धापा टाकत. तिने आधी ईराला डोक्यापासून पायापर्यंत चाचपलं. मग ऐकून घेतलं, क्लिपचं, क्रॉसिंगचं, सगळं. उल्हासरावांनी काही गाळलं नाही. ती कार पार्कच्या त्या तेलकट जमिनीवर गुडघे टेकून बसली आणि बूट उतरवून सासऱ्यांचा पाय तिने हातात घेतला. या वेळी ते मागे सरले नाहीत.

"इथे कळतंय?" तिने करंगळी दाबली.

"नाही."

"इथे?"

"नाही."

"कधीपासून, बाबा?"

"हिवाळ्यापासून."

"आणि ईरा मागे बसलेली असायची." ती आवाज न चढवता बोलली, तेच जास्त लागलं. "रोज. मी निर्धास्त होते, आजोबांबरोबर आहे म्हणून."

 उल्हासरावांनी किल्ली पुढे केली. तिने ती घेतली, डोळे पुसले आणि म्हणाली, "चला, आधी पाय दाखवू. रागवायचं ते मी घरी गेल्यावर रागावीन. कुशललाही मीच सांगते."

ते मागे ईराच्या शेजारी बसले. स्वतःच्या गाडीत मागच्या सीटवर ते पहिल्यांदाच बसत होते. गाडी हॉस्पिटलच्या वाटेला लागली. मग ईराने नव्या बुटांचा खोका मांडीवर घेतला आणि विचारलं, "मग उद्या मला शाळेत कोण सोडणार?"

 उल्हासराव खिडकीबाहेर बघत राहिले. 

ईराने खोका उघडला. साधे काळे बूट तिने उलटसुलट करून बघितले, आत हात घालून बघितला, दोन्हींत. मग वाकून आजोबांच्या पायातला बूट पट्टी न हलवता हळूच काढला, त्यात हात घातला आणि तोही तपासून परत ठेवला.

"आपण चालत जाऊ," ती म्हणाली. "रोज तुझी शूज मी चेक करणार. आणि तू समोर बघ. खाली मी बघते."

समोरच्या आरशात शाल्मलीने दोघांकडे बघितलं. "पाय बरा झाल्यावर," ती म्हणाली. "आणि आधी तुमच्या मापाचे बूट घ्यायचे."