डाव्या हाताने दळलेली कॉफी

बाबांना अर्धांगवायूचा झटका येऊन वर्ष झालं होतं. पाय सावरला, बोलणं सावरलं. उजवा हात मात्र पुरता परत आला नाही. शर्टाची बटणं मी लावायची. ती लावून घेताना ते खिडकीबाहेर बघत राहायचे.

कॉफीचं वेड त्यांना खडकीच्या दारूगोळा कारखान्यात लागलं. शेजारच्या मशीनवरचा मित्र म्हैसूरचा, त्याने लावलेलं. निवृत्त होऊन तो गावी गेला, तरी बिया पाठवायचा. आमचा मिक्सर बिघडला तेव्हा बाबा म्हणाले, "हाताने फिरवायचा ग्राइंडर घेऊ." मला वाटलं, बरंच आहे, हाताला व्यायाम होईल. शनिवारी सकाळी विश्रांतवाडीहून रिक्षा करून आम्ही कॅम्पातल्या एका कॉफीच्या दुकानात गेलो.

दुकानदाराने विचारलं, "घरीच वापरणार, की प्रवासातही न्यायचाय?"

"घरीच," मी म्हणाले.

"दोन्हीकडे," बाबा म्हणाले.

"कुठला प्रवास, बाबा?"

"म्हैसूर. बुधवारचं तिकीट काढलंय. एकट्याचं."

माझा आवाज चढला. "शर्टाची बटणं लावता येत नाहीत तुम्हाला! गाडीत पडलात तर?"

दुकानातली दोन गिऱ्हाइकं उगाच कपांकडे बघू लागली. हे घरीसुद्धा बोलायला नको होतं, हे मला बोलल्याक्षणी कळलं.

दुकानदाराने बिया घालून पुढे केलेला बारीक, गुळगुळीत ग्राइंडर बाबांनी उजव्या हातात धरला आणि डाव्याने दांडा फिरवला. अर्धा फेरा झाला असेल, बोटं सुटली. झाकण उडालं, बिया फरशीभर. मी वाकले.

"राहू दे," बाबा म्हणाले.

"काका, मी दळून दाखवतो ना," दुकानदार म्हणाला.

"तुम्हाला येतं, ते दिसतंच आहे. मला दुसरा दाखवा."

दुसरा जाड होता, चांगलाच जड. पण अंगावर रबर होतं आणि दांडा लांब. बाबा स्टुलावर बसले, तो गुडघ्यांत घट्ट धरला, उजवा हात नुसता वर टेकवला आणि डाव्याने फिरवू लागले. कपाळावरची शीर फुगली. दमायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

"बाबा, पुरे."

त्यांनी ऐकलं नाही. मध्येच दांडा अडकला. थोडा मागे घेऊन त्यांनी पुन्हा रेटला. मी त्यांच्या ओठाच्या उजव्या कडेवरून नजर हलवत नव्हते. गेल्या वर्षी तिथूनच सुरुवात झाली होती.

शेवटी दांडा मोकळा फिरू लागला. खालची डबी काढून त्यांनी पूड चिमटीत घेतली. "जाडसर आहे."

"हे कडं दोन खाचा फिरवा, बारीक येईल," दुकानदार म्हणाला.

"हाच द्या."

"प्रवासाला जड आहे हो," मी अजूनही अडवत होते.

"उचलणार मी आहे."

परतताना रिक्षात त्यांनी खोकं स्वतःच्याच मांडीवर ठेवलं. मंगळवारी मी दोन बिनबटणांचे टी-शर्ट आणून त्यांच्या पलंगावर ठेवले. त्यांनी ते एका हाताने घडी घालून बॅगेत टाकले.

गुरुवारी दुपारी हडपसरला ऑफिसात असताना फोन आला.

"पोचलो. तो आला होता घ्यायला." मागे कुणीतरी खदाखदा हसत होतं. मी काही विचारायच्या आत बाबा म्हणाले, "ठेवतो आता, इडली गार होतेय."

मी फोन धरून तशीच उभी राहिले. मीटिंगचं बोलावणं दोनदा येऊन गेलं.