भाऊजींची समान वाटणी

दुसऱ्याचे हात रिकामे दिसले की बेचैन होणारा आमच्या भाऊजींसारखा माणूस उभ्या गोंदिया जिल्ह्यात शोधून सापडायचा नाही. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या ताईचे यजमान, गोंदियाच्या एका कॉलेजात कॉम्प्युटरचे प्राध्यापक. एकाच कॉम्प्युटरात चार-आठ प्रोसेसर असले, तर त्यांच्यात कामे कशी वाटावीत, म्हणजे एक घामाघूम आणि दुसरा माश्या मारतोय असे होणार नाही, या एका प्रश्नावर ते आठ वर्षे पीएचडी करत होते. प्रबंध दोनदा परत आला होता आणि मुदतीचे हे शेवटचे वर्ष होते. बरे, प्रश्न कॉलेजात ठेवून घरी यावे, तर तेही नाही. ताईच्या दोन शेगड्या आणि एक चूल यांच्यात वरण, भात, भाजी कशी वाटावी याचा त्यांनी तक्ता केला, त्या दिवशी आम्ही दुपारी चारला जेवलो. एकदा स्टेशनवर तिकिटे काढायला पाठवले, तर गाडी सुटेपर्यंत हे खिडक्यांसमोर नुसते उभे! ताई कडाडली, "तिकीट काऊन नाही काढलं?" भाऊजी शांतपणे म्हणाले, "कोनती रांग आधी सरते, ते पाहून राहिलो होतो."

त्या वर्षी भाताच्या रोवणीला ते मला दवनीवाड्याला आपल्या शेतावर घेऊन गेले. भाताचे बारा तुकडे, म्हणजे बारा बांध्या, आणि बारा बाया. प्रत्येकीला एक बांधी आणि पऱ्ह्याच्या, म्हणजे रोपांच्या, सारख्याच पेंढ्या. "याले म्हनतेत समान भार," असे म्हणत भाऊजी छत्री उघडून धुऱ्यावर, दोन बांध्यांमधल्या बांधावर, बसले. आमच्याकडे बाया एका ओळीत, गाणी म्हणत, साऱ्या मिळून एकेक बांधी रोवतात. भाऊजींनी हे लहानपणापासून पाहिले होते, पण त्यांच्या सूत्रात ते कुठे बसत नव्हते. दुपारपर्यंत चपळ बाया धुऱ्यावर सुपारी चघळत बसल्या आणि म्हाताऱ्या आपापल्या बांधीत एकट्याच कंबर धरून राहिल्या. गाणे तर केव्हाच थांबले होते. शेवटी बायांची म्होरकी उठली आणि कोणाला न विचारता सगळ्यांत मागे पडलेल्या म्हातारीच्या बांधीत उतरली.

"अवो, ते तुमची बांधी नोहे!" भाऊजी ओरडले.

ती वाकल्या वाकल्या म्हणाली, "अजी, माह्या हाताले काम नाही, तिचं सरून नाही राहिलं. मंग वाटून देनाऱ्याची वाट पाहत बसू का?"

भाऊजी छत्री टाकून उभे राहिले. वाटणारा हवाच कशाला? जो प्रोसेसर रिकामा होईल, त्यानेच दुसऱ्याकडचे काम ओढून घ्यावे! पुढचे चार महिने त्यांनी या एका गोष्टीला वाहून घेतले. कॉलेजातला कॉम्प्युटर असा पळू लागला की ते मला दर दोन दिवसांनी फोन करून आकडे ऐकवत. मला कळत काही नसे, पण त्यांचा आनंद कळे.

मार्गदर्शकांनी प्रबंध वाचला आणि सांगितले की पद्धत अगदी बरोबर आहे, पण ती दुसऱ्यांनी आधीच शोधून छापलेली आहे. नवे काही करायला आता मुदत उरली नव्हती. पदवी गेली.

मी भेटायला गेलो, तर भाऊजीच म्हणाले, "मंजे उत्तर बरोबर निघालं ना!" आणि खुशीत हसले.

"वाईट नाही वाटलं?"

"वाटलं ना बाप्पा. पन आपल्या बाया हे पिढ्यानपिढ्या करून राहिल्या. मी आठ वर्सं साऱ्या जगाची पुस्तकं चाळली, त्यातही हे नजरेतून सुटलं, अन् त्याहीले तर इचारलंच नाही."

इतक्या मोकळेपणाने आपली चूक सांगणारा माणूस डॉक्टर झाला नाही, याची हळहळ मला अजून वाटते.