बाबांचा इब्रीचा गड

परवा शुक्रवारी बाबांना घेऊन इथे ओमानमधल्या इब्रीला गेले आणि येताना एक वस्तू कमी घेऊन आले... सांगते.

आमचे बाबा पुण्याचे, वर्षानुवर्षं दर रविवारी सिंहगड चढणारे. गेल्या वर्षी दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, आता खुशाल चढा... पण एकदा जिन्यात पाय सटकला आणि बाबांनी जी धास्ती घेतली, ती घेतलीच. "आता गड खालूनच बघायचे," म्हणाले आणि हातात काठी धरली. बाथरूमलासुद्धा काठी!

मस्कतला माझ्याकडे आले तर वादी कबीर भागातल्या फ्लॅटमध्ये दिवसभर खिडकीतून स्कूल बस बघत बसायचे. मला ते बघवेना. म्हटलं उठा, इथेही किल्ले आहेत.

इब्रीच्या बाहेर एक जुना मातीचा किल्ला आहे. आत अख्खं गाव नांदत होतं, आता नुसत्या भिंती उरल्यात. एक बुरूज तेवढा धड आहे, पायऱ्यांसकट. बाबांनी गाडीतूनच नाक मुरडलं. "डोंगर कुठाय? हा कसला गड!"

पण दरवाजाशी आल्यावर सवय थोडीच सुटते? चपला काढल्या, वाकून उंबऱ्याला हात लावला, कपाळाला लावला... आणि झालं! वाकले ते वाकलेच. उठता येईना.

मी धावणार तेवढ्यात पांढऱ्या पायघोळ दिशदाशातले एक ओमानी आजोबा लगबगीने आले. इथल्या बऱ्याच जुन्या लोकांना हिंदी येतं. "क्या हुआ? गिर गया?"

"नहीं नहीं," बाबा तसेच वाकलेले, "नमस्कार करता हूँ. किले को."

आजोबा आधी खो खो हसले. मग छातीवर हात ठेवून म्हणाले, "ये मेरा घर था. मैं इधर पैदा हुआ."

त्यांनी बाबांना हाताला धरून उठवलं आणि तो हात सोडलाच नाही. "यल्ला, ऊपर!" मी मागून ओरडतेय, बाबा गुडघा, बाबा जपून... माझं कोण ऐकतंय! दर दोन पायऱ्यांवर थांबत, एकमेकांना "आराम से, आराम से" करत दोघं म्हातारे बुरुजावर पोचले.

वर बाबांनी खिशातून शेंगदाण्याची चिक्की काढली. गडावर पोचल्याशिवाय चिक्की खायची नाही, हा त्यांचा जुना नियम. ऑपरेशननंतर ती पहिल्यांदाच फुटली. आजोबा बोट दाखवून सांगत होते, इकडे आमचं स्वयंपाकघर, तिकडे मशीद, तिथे खजूर वाळवायचे. बाबा भरल्या डोळ्यांनी "अच्छा, अच्छा" करत होते. मलाही रडू आलं, खोटं कशाला बोलू.

खाली उतरले तेही हात धरूनच. आजोबांनी गाडीपाशी थर्मासमधला काहवा पाजला, पिशवीभर खजूर दिले आणि बाबांना कडकडून मिठी मारली.

वादी कबीरला पोचलो. बाबा गाडीतून उतरले आणि तरातरा लिफ्टकडे निघाले. मी मागून विचारलं, "बाबा, काठी?"

त्यांनी हाताकडे पाहिलं. मागच्या सीटवर पाहिलं. मग असे हसले... वर्षभरात इतकं हसले नव्हते. "अगं, गडावरच राहिली की!"

गडबडीत त्या आजोबांचं नाव विचारायचं राहून गेलं. इब्रीच्या बाजूचं कोणी हे वाचत असेल आणि ते भेटले, तर माझा सलाम सांगा... आणि म्हणावं, काठी सापडली तर ठेवून घ्या. आमच्याकडे आता ती वापरणारं कोणी नाही.