दुकान नव्हतं

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काम केलं ते घर मोजायचं. कोळीवाड्यातलं घर, माझ्या बापाच्या वेळचं. पाचशे फुटांच्या आतल्या राहत्या घराला कर माफ आहे. पण महापालिकेच्या कागदावर आमचं घर ‘दुकान’. बायको सकाळी ओट्यावर पाटी घेऊन बोंबील विकायची, ते बघून कुणी साहेब तसं लिहून गेलेला.

टेप नव्हता. जाळ्याची दोरी घेतली. एक टोक तिच्या हातात. मी हात पसरून वाव मोजत गेलो, होडीवर दोरी मोजतात तसे, पसरलेल्या दोन हातांएवढा एक वाव. ती हसली. “हात आखडलेत तुमचे. वाव जास्त भरतील, घर मोठं निघंल, मग कुठली माफी?”

लांबी चार वाव, रुंदी दोन. तेच माफीच्या अर्जात लिहिलं.

ऑफिसात बाबूने अर्ज मोठ्याने वाचला. “हे घर आहे की होडी?” सगळे हसले. मग त्याने नाकाला रुमाल लावला. “मावशी, जरा लांब उभी राहा.”

ती अंघोळ करून, ठेवणीतलं लुगडं नेसून आली होती. मागे सरकली. मी काय केलं? त्या बाबूलाच हात जोडले. ते अजून टोचतं.

आठ दिवसांनी ती गेली. चुलीपुढं बसल्या बसल्या.

बारावं झालं, मी परत गेलो. बाबूने विचारलं, मावशी कुठंय. सांगितलं. त्याने लगेच कागद ओढला, स्वतःच लिहिला, पुढं सरकवला.

“मग सोपं झालं. बाई वारली, दुकान बंद झालं. सही कर, मृत्यूचा दाखला जोड. कागदावर घर लागेल.”

पेन हातात घेतलं. त्या घरात तिने जन्मभर रांधलं. दोन पोरी तिथंच वाढवल्या. तिथंच मेली. म्हणजे ती होती तोवर ते घर नव्हतं? ती मेली म्हणून घर झालं?

पेन खाली ठेवलं. म्हटलं, “दुकान नव्हतंच. चूक तुमची. तुम्ही खोडा.”

“मग मार फेऱ्या. तू जिवंत असेपर्यंत तरी होत नाही.”

ते खरं असेल. पण या वेळी हात जोडले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोरीचं टोक दाराच्या खिळ्याला बांधलं. मागच्या वेळी टोक धरून ती उभी होती तिथं. दुसरं टोक धरून भिंतीपर्यंत गेलो. कोऱ्या कागदावर लिहिलं, लांबी चार वाव, रुंदी दोन वाव, राहतं घर, पहिल्यापासून. फूट त्यांना पाहिजेत तर त्यांनी येऊन मोजावेत.

ऑफिस उघडायच्या आधी रांगेत जाऊन उभा राहिलो. पहिला.