निळ्या गोंड्यांचा अंगरखा

शप्पीरा तोंडाची फटकळ. गडावरच्या भट्टीवर भाकऱ्या भाजायची आणि मागायला येणाऱ्याला भाकरीआधी चार शब्द वाढायची. नवरा हिल्कीया तिला चिडवायचा, "भाकरी करपली तरी चालेल, तू जरा थंड हो!" देवाच्या आज्ञेप्रमाणे, सगळ्या यहुदी पुरुषांसारखेच, त्याच्या अंगरख्याच्या चारी टोकांना गोंडे होते. निळा दोरा घालून, माहेरच्या रीतीची गाठ मारून ते तिनेच बांधले होते.

रोमनांनी वेढा घातला तेव्हा पाण्याला खाली गेलेला हिल्कीया त्यांच्या हाती सापडला. मग त्या हरामखोरांनी तटापर्यंत मातीचा चढ रचायला घेतला, आणि पाट्या वाहायला जुंपलं कोणाला? पकडलेल्या आमच्याच लोकांना! वरून धोंडा लोटावा तर आपलाच माणूस चिरडायचा. म्हणून गडावर ठरलं, गोंडे दिसले की हात आवरायचा. शप्पीरा रोज तटावरून नवऱ्याला शोधायची.

चढ तटाला भिडला त्या दुपारी एक माणूस एकटाच वर येताना दिसला. डोकं झाकलेलं, खांद्यावर पाटी. अंगरख्याला तिच्या हातच्या गाठी.

"थांबा!" शप्पीरा किंचाळली. "धोंडा लोटाल तर याद राखा! माझा माणूस आहे तो!"

"अगं, चाल तरी बघ त्याची," शेजारची योखेवेद म्हणाली.

"इतक्या पाट्या वाहून तुझी चाल सरळ राहील का गं?"

सगळे थांबले. त्याने तटाच्या लाकडांवर पाटी उलटी केली. निखारे आणि डांबर! डोक्यावरचं फडकं सरकलं, खाली रोमनाचं तुळतुळीत तोंड. लाकडं भडकली. योखेवेदचा भाऊ पेटलेल्या अंगाने तटावरून खाली कोसळला.

"मारलं गं माझ्या माणसाला! मारून त्याचा कपडा घातला मेल्याने!" शप्पीराने मोठ्या धोंड्याखाली पहार घातली. योखेवेदने हात धरला, "अगं, खाली बाकीचे आपलेच आहेत!" तर तिला कोपराने लोळवलं. आता कोणासाठी थांबायचं होतं?

धोंडा सुटला. रोमनाचा चेंदामेंदा करून तसाच उतारावरून खाली, खाली दबा धरलेल्या ढालवाल्या रोमनांना तुडवत, त्यांच्या मागच्या पाटीवाल्यांवर गेला.

त्यांच्यात एकजण उघडाबंब होता. कपडा तेवढा काढून घेतलेला, माणूस धडधाकट. आवाज ऐकून त्याने मान वर केली. तटावर ती दिसली तसा हसून हात हलवला.

"बाजूला हो!" शप्पीरा ओरडली. "हिल्कीया, बाजूला हो!"

धोंडा त्याच्यावरून गेल्यावरही ती तेच ओरडत राहिली.