रक्त मानवलं

"ही तब्येत नाही, सूज आहे," नगरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांनी माझ्या नडगीवर बोट दाबलं. बोट उचललं तरी खळगा तसाच राहिला. शेजारी सासूबाई तो भरायची वाट बघत बसल्या होत्या.

मला लहानपणापासून सिकलसेल आहे. म्हणजे रक्तातल्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि लवकर मरतात. त्यामुळे मी कायमची पाप्याचं पितर. नगरला जायच्या महिनाभर आधी ताप आला आणि रक्त एकदम उतरलं. श्रीरामपूरला दोन पिशव्या रक्त भरून आम्ही कोल्हारला घरी आलो.

मग माझा चेहरा भरू लागला. गालाची हाडं दिसेनाशी झाली. "रक्त मानवलं गं तुला," शेजारच्या बायका म्हणायच्या. नवरा थट्टेनं विचारायचा, "कुन्या पैलवानाचं हुतं?" मलाही आवडत होतं, खोटं कशाला बोलू. फक्त सकाळी आरशात बघितलं की पापण्यांच्या फटीतून कुणी दुसरीच माझ्याकडे बघायची. बांगड्या मनगटात रुतल्या. लघवीला दुधासारखा फेस यायला लागला.

सासूबाईंनी दृष्ट काढली. मीठ, मोहऱ्या, मिरच्या चुलीत टाकल्या. मिरच्या जळून काळ्या झाल्या, पण कुणालाच ठसका लागला नाही. "लई कडक लागलीया," असं म्हणून त्या माझ्यापासून थोड्या लांब सरकल्या. त्या दिवसापासून घरात माझ्या तब्येतीचं कुणी नाव काढेना. आडवं पडलं की मला दम लागू लागला, तेव्हा नगर गाठलं.

"तो ताप पार्व्होव्हायरसचा होता," डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. हा विषाणू धडधाकट माणसाला सहसा जाणवतही नाही. माझं रक्त बनणं त्यानं थांबवलं आणि जाता जाता किडनी धरली. तिच्या गाळणीतून प्रोटीन, म्हणजे अंगातलं सत्त्व, लघवीवाटे निघून जात होतं आणि अंगात पाणी साचत होतं. बायोप्सी केली, म्हणजे सुईनं किडनीचा कणभर तुकडा काढून तपासला. "गेला तो भाग गेला. उरलेला जपायचा," त्या म्हणाल्या.

गोळ्यांनी पाणी उतरलं. प्रोटीन अजून थोडं जातं, पण मी आहे, याचंच मला अप्रूप वाटतं. तुमच्या घरात सिकलसेल असेल आणि तापानंतर माणूस अचानक बाळसेदार दिसू लागला, तर खुश होऊ नका. आधी लघवी तपासून घ्या.

सुजेच्या दिवसांत नणंदेच्या साखरपुड्याला काढलेला माझा फोटो घरात लावलाय. पाहुणे त्याचं फार कौतुक करतात. परवा सासूबाई स्टुलावर चढून तो काढू लागल्या. "राहू द्या की, चांगला आलाय," मी म्हणाले.

त्यांनी फोटो पालथा करून छातीशी धरला.

"ही न्हवं आपली," त्या म्हणाल्या.