दामाजीदादा आणि न पडलेली पाटी

आमचा दामाजीदादा गेला, आणि घरात आता कुणी कुणावर संशय घेत नाय. घर कसं गप्प झालंय. सगळे म्हणतात, माणूस चांगला होता. होताच. पण संशयी किती होता ते कुणी बोलत नाय. ते सांगितलं नाय तर दामाजी सांगितलाच नाय.

बायको आवडाबाई ठाण्याच्या बाजारात मासळी विकायची. तिच्याच टोपलीतल्या माशाचे कल्ले हा उचलून बघायचा. ती म्हणायची, "अहो, मीच आणलीय ना सकाळी?" हा म्हणायचा, "तुला देणारा कोण होता ते सांग."

डोंबिवलीला कारखान्यात फिटर होता. तिथल्या साहेबाच्या ओळखीनं नव्वदीच्या सुमाराला ठाण्याच्या एका पिस्तुलाच्या क्लबात रविवारी जायला लागला. काम त्याच्या स्वभावाचंच मिळालं, सामान तपासायचं. पिस्तुलाच्या घोड्याला वजन लटकवायचं. त्या वजनानं घोडा सुटला तर पिस्तूल बाद. घोडा हलका केला की बोट लावताच गोळी जाते, तो फायदा कुणाला मिळता नये. पिस्तूल ठेवायचं पाकीट कमरेच्या हाडावरच पाहिजे, पुढे सरकलेलं चालणार नाय. दामाजी एकेकाला दोनदा तपासायचा.

त्याच्या भावाची मुलगी उत्तरा तिथंच क्लबाच्या पिस्तुलानं नेम मारायला शिकलेली. ती हसायची, "काका, माझं पण दोनदा?"

"तुझं तीनदा. उद्या लोक मला बोलतील."

गोळ्या मारायच्या त्या लोखंडी पाट्यासुद्धा त्यानंच बनवलेल्या. खाली बिजागरी, गोळी लागली की पाटी मागं पडायची. हिशोब सोपा होता. पाकिटातून पिस्तूल काढून सगळ्या पाट्या लवकर पाडेल तो पुढे. एखादी उभी राहिली तर वेळेत दंड चढायचा. नुसती लागून उपयोग नाय, पडली पाहिजे. लागूनही पडली नाय तर खेळणाऱ्यानं हात वर करायचा. मग पाटीला कुणी शिवायचं नाय. पंच स्वतः एक गोळी मारणार. पाटी पडली तर चूक खेळणाऱ्याची. नाय पडली तर चूक पाटीची, आणि खेळणाऱ्याला परत संधी.

एका हिवाळ्यात जिल्ह्याच्या संघात एकच जागा उरलेली. उत्तराला ती पायजे होती. पोरीनं वर्षभर दुसरं काही मनात आणलं नव्हतं. समोर कल्याणचा प्रभाकर, तो आधीच खेळून बसलेला, वेळ चांगली लावून.

दामाजीचं डोकं सकाळपासून फिरत होतं. प्रभाकर पाट्यांजवळ वाकला होता. बुटाची नाडी बांधत होता म्हणे. नाडी बांधायला तिथंच जागा मिळाली?

उत्तरा उभी राहिली. पाट्या पडत गेल्या, एक, एक, एक. शेवटची टण्णकन वाजली. हलली, आणि उभीच.

उत्तरानं हात वर केला.

दामाजी पाट्यांपुढे बांधलेल्या दोरीपर्यंत धावला. सुहासिनीमॅडम पंच होत्या. त्या ओरडल्या, "दामाजी, शिवू नका!"

"शिवत नाय, मॅडम. बघतो फक्त."

"बघू पण नका. मागं या."

मॅडमनी गोळी मारली. टण्ण. पाटी उभीच. म्हणजे उत्तराला परत संधी. पण प्रभाकर खुर्चीवरून उठला.

"वा! पाट्या कुणी बनवल्या? काकांनी. पोरगी कुणाची? काकांचीच. आमच्या वेळेला पडत होती ना ही?"

दामाजीचं तोंड काळं पडलं. असं त्याला कुणी कधी बोललं नव्हतं. लोकांना बोलायचा तो. म्हणाला, "मॅडम, सगळ्यांसमोर बिजागरी खोलतो. कुणी काय घातलंय ते कळू दे." आणि प्रभाकरकडे चोर पकडल्यासारखं बघितलं.

पान्यानं बिजागरी खोलली. आत खडा नाय, चिंगम नाय, काय नाय. बोट फिरवलं तर तपकिरी, गुळासारखं चिकट काहीतरी लागलं. त्यानं बोट नाकाला लावलं.

माशाचं तेल.

आमच्या कोळीवाड्यात होडीच्या लाकडाला लावतात ते. लाकडावर सुकलं की कातडीसारखं बसतं, पाणी आत घेत नाय. दामाजीनं मागच्या रविवारी घरचा डबा आणून प्रेमानं सगळ्या बिजागऱ्यांना लावलेलं, गंज नको म्हणून. लोखंडात ते घट्ट होत गेलं. पाटी पडायची, उचलायची, धूळ बसायची. सकाळी पडणारी पाटी दुपारी अडकली.

बोट पुसून टाकलं असतं तर आळ प्रभाकरवरच गेला असता. प्रभाकर तिथं वाकलेला सगळ्यांनी बघितलेला. उत्तरा समोर उभी, पिस्तूल पाकिटात, ओठ दाबून.

"मॅडम," दामाजी म्हणाला, "हे माझं आहे. होडीचं तेल. मी लावलं."

"बघा!" प्रभाकर ओरडला. "कबूल केलं!"

"मुद्दाम नाय लावलं."

"ते कोण मानणार?"

मॅडमनी हात वर करून दोघांना थांबवलं. मग म्हणाल्या, "पाट्या रॉकेलनं धुवा, मशीनचं तेल घाला. सगळे परत खेळणार, पहिल्यापासून. आणि दामाजी, तुम्ही दोरीच्या बाहेर. पाटीला हात लावायचा नाही."

पाट्या दुसऱ्यांनी धुतल्या. दामाजी उन्हात बाहेर उभा, हात मागं बांधून. प्रभाकर घाईत खेळला, एक पाटी राहिली. उत्तरा सावकाश खेळली, सगळ्या पाडल्या. जागा तिला मिळाली. प्रभाकरनं हात मिळवला नाय, सरळ निघून गेला. बाकीचे टाळ्या वाजवत होते, पण दामाजीकडे बघून आपसात कुजबुजतही होते. त्याला सगळं दिसत होतं. असं बघणं त्याला चांगलं ओळखता यायचं.

ठाण्यातच खोपटच्या नाक्यावर काका-पुतणी रिक्षाची वाट बघत उभी होती. उत्तरा जिंकलेली, तरी हा तोंड फिरवून.

"तू मला विचारत का नायस?" तो एकदम म्हणाला.

"काय विचारू?"

"मी मुद्दाम केलं का ते."

"काका, मला माहीत आहे तू नाय केलंस."

"माहीत कसं? तू तिथं होतीस तेल लावताना? नव्हतीस ना? मग विचार की!"

उत्तरानं त्याच्याकडे नीट बघितलं. हसू दाबलं, आणि एकदम पंचासारखा आवाज केला.

"काका, तू मुद्दाम केलंस?"

"नाय."

"बरं."

तेव्हा कुठं त्यानं मान सरळ केली आणि येणाऱ्या रिक्षाला हात दाखवला.